पाठवणीची गत

आमच्या बँडात तेरा माणसं होती आणि तेराही जण नोटेशन वाचत. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते ऐकून लोक म्हणतात, अडाण्यांच्या हातात इंग्रजी वाद्यं दिली की असंच व्हायचं. अडाणी कोण? फर्नांडिस मास्तरांनी सहा वर्षं आम्हाला त्या पाच रेघांवर घासून काढलं होतं. काळा ठिपका, पांढरा ठिपका, शेपटीचा ठिपका, सगळं आम्हाला तोंडपाठ. वाचता येत नव्हती ती फक्त वर लिहिलेली इंग्रजी अक्षरं, आणि त्यांच्यावाचून आमचं काही अडलं नव्हतं. निदान त्या माघ महिन्यापर्यंत तरी नव्हतं.

बँड होता आंबेखिंडकर सरकारांचा. महाराजांची कारकीर्द ऐन भरात होती आणि त्यांचं बघून कोल्हापुरातल्या प्रत्येक सरदाराला काहीतरी नवं काढायची हौस आली होती. कुणी तालीम बांधली, कुणी विलायती बग्गी आणली. आमच्या सरकारांनी बँड काढला. रंकाळ्याच्या अंगाला त्यांचं मोठं घर होतं, घराला लागून पागा, आणि पागेच्या मागच्या लांबड्या खोलीत आमची तालीम चालायची. घोडी बिचारी आमच्याआधी सूर ओळखायला शिकली.

मी गुंडू. मी ढोल वाजवायचो, पोटावर बांधतात तो मोठा ढोल. शिवाय माझं अक्षर बरं म्हणून पानांच्या नकला करायचं काम माझ्याकडं होतं. मूळ कागदावर सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं असायचं. त्यातून क्लारनेटचं वेगळं, कॉर्नेटचं वेगळं, ढोलाचं वेगळं अशी पानं मी उतरवायचो. इंग्रजी अक्षरं मी सरळ गाळायचो. न कळणारं कशाला लिहायचं? त्याऐवजी ती गत ऐकून आम्हाला जे वाटेल ते नाव आम्ही ठेवायचो आणि मी पानाच्या डोक्यावर तसं चित्र काढायचो. एकीचं नाव बोकडाची गत, एकीचं जत्रेची, एकीचं विहिणीची, कारण ती सारखी वरच्या पट्टीत भांडायची. मास्तर ही नावं ऐकून कपाळाला हात लावायचे, पण नंतर नंतर तेही म्हणायला लागले, “चला, विहीण काढा.”

मग मास्तरांना डोळ्यांनी दिसेना. ते गोव्याला आपल्या घरी गेले आणि जाताना नोटेशनची लोखंडी ट्रंक आमच्याकडं ठेवून गेले. बँडाचा कारभार आला मीरासाबवर. मीरासाब क्लारनेट वाजवायचा. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. सरकारांनी त्याला सांगितलं, “आमच्या लेकीच्या, ताईच्या लग्नात तुमचं काम बघू. जमलं तर बँडमास्तर तुम्ही. नाही जमलं तर बँड मोडून टाकू, बाहेरचा मास्तर पोसायची माझी इच्छा नाही.”

म्हणजे तेरा घरांचं ओझं मीरासाबच्या एका फुंकरीवर आलं. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. मला तरी आयुष्यात दुसरं काय येत होतं? ढोल बडवणं आणि चित्रं काढणं.

लग्नाच्या मिरवणुकीची आम्हाला काळजी नव्हती. तसल्या गती आमच्याकडं ढिगानं होत्या. पेच पडला तो पाठवणीचा. सरकारांचा हुकूम असा, की मुलीला सासरी पाठवताना सनई नको, सनई सगळ्यांच्याच दारात वाजते, तिथं बँड वाजला पाहिजे. आता आमच्या सगळ्या गती चालीच्या, पाय आपटायच्या. मुलगी रडत गाडीत बसते आहे आणि आम्ही कवायत करतो आहोत, हे बरं दिसलं असतं का?

मीरासाबनं ट्रंक पार तळापर्यंत उपसली. अगदी खाली एक जाड कागदाची घडी निघाली. मास्तरांनी ती आम्हाला कधी शिकवली नव्हती. तिच्या पहिल्या पानाला चारी बाजूंनी जाड काळी चौकट होती. मला ती फार आवडली. मी म्हटलं, “भाई, भारी कागद दिसतोय. राजवाड्यातला असणार.” हे वाक्य मी बोललो, हे मी आजही कबूल करतो.

मी पानं उतरवली आणि एका दुपारी आम्ही ती गत पहिल्यांदा वाजवली.

सुरुवात मोठ्या भोंग्यांची होती. खाली, अगदी खाली, एकेक पाऊल टाकल्यागत. घाई नाही आणि थांबणंही नाही. त्यावर करीमचं कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, आलं. करीम आमच्यातला सगळ्यात टवाळ, पण त्याचं कॉर्नेट असं काही बोललं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. तेच तेच दोन-तीन सूर, पुन्हा पुन्हा, जाऊ नको म्हणून कुणीतरी हाताला धरावं तसे. मग मधेच सगळे थांबले आणि मीरासाबचं क्लारनेट एकटं निघालं. ते अगदी साधं होतं. परकरातली पोर अंगणात खेळते आहे आणि तिला पुढचं काही ठाऊक नाही, असं मला वाटलं. आणि मग पुन्हा ती पावलं आली, पण आता लांबून, हळूहळू विरत गेलेली.

संपल्यावर करीमनं नाक ओढलं आणि म्हणाला, “माझी नजीरा गेली तवा आमी येशीपातूर चालत गेलतो. गाडी फुडं गेली आन अम्मा तितंच बसली रस्त्यात. ह्ये त्येच हाय की.”

नजीरा म्हणजे त्याची धाकटी बहीण, निपाणीला दिलेली.

“कोण तरी जातंय,” मीरासाब म्हणाला, “आन ऱ्हायलेली मानसं चालत्यात. येवडं खरं.”

“मग पाठवणीच की ही!” मी म्हटलं.

झालं. तेराजणांनी माना डोलावल्या. एकालाही वेगळं वाटलं नाही. मी पानाच्या डोक्यावर बैलगाडी काढली आणि खाली लिहिलं, पाठवणीची गत. कोल्हापुरात इंग्रजी वाचणारे काय कमी होते? हायस्कुलात गेलो असतो तर कुणीही वाचून दाखवलं असतं. पण विचारायचं कशाला? गतीनं स्वतःच आपलं नाव सांगितलं होतं, अशी आमची खात्री होती.

एक अडचण राहिली. माझा ढोल. कितीही हळू मारला तरी तो त्या गतीत धबकन पडायचा, भरल्या घरात कुणी भांडं आपटावं तसा. दोन दिवस मी वैतागलो. तिसऱ्या दिवशी बायकोचं एक जुनं लुगडं आणलं आणि ढोलाला गुंडाळलं. मग आवाज बसला. छातीच्या आत कुणी पाऊल टाकतंय असा. मीरासाबनं नुसतं माझ्याकडं बघून डोळे मिटले. त्याच्याकडून मिळालेली शाबासकी ती एवढीच.

लग्न थाटात झालं. पाठवणीची वेळ आली.

ताईसाहेबांबद्दल सांगितलं पाहिजे. सरकारांची ही एकुलती एक मुलगी, पंधरा-सोळा वर्षांची. आईसाहेबांना जाऊन आठ वर्षं झाली होती आणि सरकारांनी दुसरं लग्न केलं नव्हतं. मुलगी आमच्या डोळ्यांपुढं वाढलेली. लहानपणी तालमीच्या खोलीत येऊन बसायची, मीरासाबला मामा म्हणायची. हसरी होती, पण रडताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. पाठवणीलाही तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. कुणी म्हणालं, “काय बाई ही पोरगी, दगडाची हाय का काय?”

सरकार गाडीपाशी उभे होते, ताठ, कवायतीला उभे राहिल्यागत. त्यांनी मान हलवली. मीरासाबनं क्लारनेट उचललं.

भोंगे सुरू झाले आणि ताईसाहेबांनी मान वर केली. करीमचं कॉर्नेट आलं तेव्हा त्यांचे ओठ हलायला लागले. आणि एकट्या क्लारनेटला त्या अशा फुटल्या, की दोन बायकांना त्यांना धरून गाडीत बसवावं लागलं. मग काय विचारता! अख्खं अंगण रडायला लागलं. वरपक्षाचे लोक रडले, आचारी रडले, दारावरचा पहारेकरी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सरकार तेवढे रडले नाहीत. त्यांनी फक्त दात आवळले होते. गाडी कागलच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तेव्हा आमची शेवटची पावलं विरत होती. इतकं नेमकं आम्ही आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. मला वाटलं, भाई आता बँडमास्तर झाला.

पाहुण्यांत एका साहेबाची मड्डम होती. ती डोळे पुसत सरकारांच्या कारभाऱ्याकडं, पिराजीरावांकडं गेली आणि मोडक्या हिंदुस्थानीत अगदी कळवळून विचारती झाली, “आपके घर में किसका मौत हुआ?”

पिराजीरावांना वाटलं, बाईंना ऊन लागलं. ते म्हणाले, मौत कसली, शादी आहे. मड्डम गोंधळली. मग तिनं सांगितलं, की ही चाल त्यांच्याकडं माणसाला पुरायला नेताना वाजवतात.

पिराजीराव आधीच बँडावर जळायचे. भोंगे म्हणायचे आम्हाला. त्यांनी तडक माझ्याकडून मूळ कागद मागून घेतला आणि हायस्कुलातल्या एका मास्तरांना सदरेवर बोलावलं. सदर म्हणजे घराच्या पुढची बैठकीची जागा, जिथं सरकार कामकाज बघत. आम्हा दोघांना, मीरासाबला आणि मला, समोर उभं केलं. मास्तरांनी चष्मा लावला, काळी चौकट बघितली आणि वाचायच्या आधीच त्यांचा चेहरा पडला.

“प्रेतयात्रेसाठी चाल,” ते म्हणाले. “असं लिहिलंय.”

लग्नघरात, पाठवणीच्या वेळी, मुलीच्या मागं आम्ही मसणवाटेची गत वाजवली होती. हळद ओली होती तिची. कुणाच्या घरात असं होऊन चाललं असतं?

मास्तर पुढं वाचत होते. “आणि हे ढोलाच्या ओळीवर बारीक लिहिलंय. ढोल कापडानं झाकून वाजवावा.”

मी मीरासाबकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी अभिमान वाटला. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या कुण्या लांबच्या देशातल्या माणसानं कागदावर लिहून ठेवलेलं मी बायकोच्या लुगड्यानं बरोबर केलं होतं.

पण अभिमान काय जाळायचाय? पिराजीराव गरजले, “अपशकुन केलायसा! पोरीच्या जल्माला अपशकुन!”

मी म्हटलं, “सरकार, पानं मी उतरवली. नाव मी गाळलं. चूक माझी हाय.”

“फुकलं मी,” मीरासाब म्हणाला. “गत मी निवडली. गुंडूला काय बोलू नगासा.”

सरकारांनी कागद हातात घेऊन त्या काळ्या चौकटीवरून बोट फिरवलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “पाचव्या दिवशी ताई मांडवपरतणीला येते आहे. ती सुखरूप आली तर बोलू. तोवर वाद्यं पेटीत घाला आणि किल्ली पिराजीरावांकडं द्या.”

लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी येते ती मांडवपरतणी. एरवी त्या दिवशी पुरणपोळी असते. आम्ही त्या पाच दिवसांत भाकरीही नीट गिळली नाही.

बँडाचं एक वेळ सोडा. मीरासाबला पोरीची धास्ती होती. तो काही शकुन-अपशकुन मानणारा नव्हता, पण भीतीला ते कुठं कळतं? पहिल्या दिवशी बातमी आली, की जाताना गाडीच्या एका बैलानं पाय मुरगाळून घेतला. दुसऱ्या दिवशी कळलं, सासरी उतरताच ताईसाहेब झोपल्या त्या दुसऱ्या दिवशी ऊन वर येईतो उठल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं, सासूला पडसं झालंय. पडसं! माघात कुणाला होत नाही? पण मीरासाब ते ऐकून पांढरा पडला. मी बातमी आणणाऱ्याला अशा शिव्या घातल्या, की तो पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही.

त्याची बायको खैरुनबी मला म्हणाली, “भाऊजी, ह्येंला समजावा वो. चार दीस झालं, ताटावर बसत्यात आन तसंच उठत्यात. म्हंत्यात, पोरगी मला मामा म्हंती आन मी तिला मयताची गत वाजवली.”

मी त्याला समजावायला गेलो आणि दोघंही भिंतीला टेकून बसून राहिलो. काय समजावणार? राहून राहून मला एकच प्रश्न पडायचा. ती गत जर मरणाची होती, तर आम्हा तेराजणांना ती पाठवणीची का वाटली? आम्ही काय बहिरे होतो? आणि मड्डमला जे ऐकू आलं ते आम्हाला का आलं नाही? मग वाटायचं, तिलाही तेच ऐकू आलं की. कोण तरी जातंय आणि राहिलेली माणसं चालतायत. पुढची गोष्ट तिनं तिच्या घरची लावली, आम्ही आमच्या घरची. पण हे पिराजीरावांना कोण सांगणार?

पाचव्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं कागलच्या रस्त्यावर जाऊन एका वडाखाली बसलो. ऊन चढलं. दोन-तीन गाड्या गेल्या, त्या उसाच्या. मीरासाब प्रत्येक गाडीला उठायचा आणि पुन्हा बसायचा. शेवटी लांबून सरकारी झूल घातलेले बैल दिसले. गाडीला पडदा होता. गाडी जवळ येत गेली तसा आतून आवाज यायला लागला. मी कान टवकारले.

हसण्याचा आवाज होता. ताईसाहेब हसत होत्या, आणि एक पुरुषाचा आवाज त्यांना काहीतरी सांगत होता आणि त्या आणखीनच हसत होत्या. पडद्यातून चघळलेल्या उसाची चोयटी बाहेर पडत होती.

मीरासाब तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. “हसतीया,” तो म्हणाला. “गुंडू, पोरगी हसतीया.” मग त्यानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि मला म्हणाला, “चल. आता बँड मोडू द्या न्हायतर जाळू द्या.”

मला मात्र बँड मोडून चालणार नव्हतं, म्हणून मी त्याला ओढत सरकारांकडं नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा जावईबापू आत फराळाला बसले होते आणि ताईसाहेब सदरेवर वडिलांच्या शेजारी उभ्या होत्या. पाच दिवसांत त्यांच्या चेहऱ्याचं काहीतरी सैल झालं होतं. आम्हाला बघून त्या म्हणाल्या, “मामा, असे वाळलात काय? आजारी आहात का?”

पिराजीराव पुढं झाले. त्यांनी घसा खाकरून सगळं सांगितलं. मड्डम, मास्तर, काळी चौकट. मयताला वाजवायची गत तुमच्या पाठवणीला वाजवली, आता सरकारांनी काय तो निकाल करावा, वगैरे.

ताईसाहेबांचं हसू मावळलं. मला वाटलं, संपलं. आता ही रडणार आणि सरकार आम्हाला हाकलून देणार. मीरासाब मान खाली घालून उभा होता.

“आबासाहेब,” त्या वडिलांना म्हणाल्या, “आईसाहेब गेल्या तेव्हा मी कुठं होते?”

सरकारांनी एकदम वर बघितलं. “मावशींकडे. तुला तिकडं पाठवलं होतं.”

“मला सांगितलं, आईसाहेब देवाला गेल्यात. बारा दिवसांनी मला परत आणलं. त्यांचा पलंग नव्हता, त्यांची पेटी नव्हती. कुणी काही बोलेना. बोललं तर तुम्हाला त्रास होईल म्हणून मला दटावायचे. मग मीही विचारलं नाही. आठ वर्षं मी विचारलं नाही.”

“ताई...” सरकार म्हणाले.

“त्या दिवशी गाडीपाशी मला रडूच येत नव्हतं. बायका काय बोलतात ते ऐकू येत होतं. आणि मग मामांनी ते सुरू केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं ते कशाचं आहे. पण मला वाटलं, माझ्यासमोरून आईसाहेबांना नेतायत. माणसं हळूहळू चालतायत. आणि मी बघते आहे, मला कुणी लांब पाठवलेलं नाही.” त्यांनी नाक पुसलं, लहान मुलीगत, मनगटानं. “मी कागलपर्यंत रडले. मग रडू संपलं. सासरी उतरले तशी झोपले. इतकी झोप मला कधी लागली नव्हती. उठले आणि चार भाकरी खाल्ल्या. सासूबाई घाबरल्या.”

पिराजीरावांनी तो काळ्या चौकटीचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

सरकार बसूनच होते. त्यांनी मीरासाबला विचारलं, “आत्ता वाजवता येईल?”

“येईल की, सरकार. पर वाद्यं कुलपात हायती.”

“पिराजीराव,” सरकार म्हणाले, “किल्ली.”

अर्ध्या घटकेत मी बाकीचे अकराजण गोळा केले. करीम निम्म्या दाढीनिशी आला, गालाला साबण तसाच. कुणाच्या अंगात बंडी, कुणी उघडाच. मी ढोलाला लुगडं बांधलं. पागेसमोरच्या अंगणात आम्ही उभे राहिलो. दुपारचं ऊन होतं, घरातली माणसं सगळी आत, दारं लोटलेली. समोर पायरीवर फक्त सरकार आणि ताईसाहेब.

भोंगे चालायला लागले. दुसऱ्याच ओळीला सरकारांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि मांडीवर ठेवलं. आमच्याकडं मयताबरोबर चालताना माणसं डोकं उघडं करतात. त्यांनी ते जाणून केलं की हात आपोआप गेला, मला ठाऊक नाही. मीरासाबचं क्लारनेट एकटं निघालं तेव्हा ते वाकले, कपाळ गुडघ्याला टेकलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तो माणूस रडला. आवाज करून रडला. ताईसाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या तशाच बसून राहिल्या. त्या रडत नव्हत्या. मला ढोलाचे ठोके मोजता येईनात, डोळे भरून आले होते, पण हात चुकला नाही. पावलं लांब गेली, आणखी लांब, आणि थांबली.

मग सरकारांनी उपरण्यानं तोंड पुसलं, पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, “मीरासाब, बँड तुमचा. उद्या ताई परत निघते आहे. तेव्हा काय वाजवाल?”

मीरासाब गोंधळला. “सरकार म्हनतील त्ये. हीच वाजवू का?”

“छे हो मामा,” ताईसाहेब म्हणाल्या. “ते आता झालं. उद्या काहीतरी नाचतं वाजवा.”

सरकार ओल्या डोळ्यांनी हसले. करीम साबणाच्या तोंडानं हसला, आणि मग मीरासाब, पाच दिवसांचा उपाशी माणूस, इतक्या मोठ्यानं हसला की पागेतली घोडी खिंकाळली. पिराजीराव एका बाजूला उभे होते. त्यांनाही शेवटी हसू आवरलं नाही.